वांग्याला रविवार नसतो

मी सायकलची कोच होते असं सांगितलं की लोक हमखास विचारतात, "म्हणजे मागून कॅरिअर धरून पळायचं का?" माझ्या सासरकडच्या एका लग्नात तर एका काकूंनी आपला नातूच माझ्यासमोर उभा केला आणि म्हणाल्या, "याले सायकल शिकवून द्या, तुमची साडी पक्की." मी लग्नघराच्या मागच्या गल्लीत त्याला शिकवलं. साडी अजून यायची आहे.

खरं सांगायचं तर ज्याला सायकल चालवता येत नाही असं कुणी माझ्याकडे फारसं आलंच नाही. अमरावतीच्या सराव केंद्रात जी मुलं-मुली यायची ती वाऱ्यासारखी सायकल मारत यायची. त्यांना कुठल्या दिवशी किती मारायची आणि कुठल्या दिवशी सायकलला हातही लावायचा नाही, हे ठरवून देणं हा माझा धंदा होता. त्यातलं दुसरं काम जास्त अवघड. पळणाऱ्या पोराला आणखी पळ म्हटलं तर ते पळतं. त्याला झोप म्हटलं की त्याचं तोंड उतरतं, आणि त्याच्या बापाला वाटतं की मॅडमनी पोराला टीममधून काढलं.

न खेळणाऱ्यांसाठी थोडं समजावून सांगते. जड दिवस म्हणजे घाटात किंवा सपाट रस्त्यावर जीव तोडून मारायचे काही तुकडे, मधे थोडा दम, की पुन्हा तुकडा. हलका दिवस म्हणजे शेजारच्याशी गप्पा मारता येतील अशा बेतानं मारलेली तासभर सायकल. आणि आराम म्हणजे आराम. पायांतली ताकद जड दिवशी खर्च होते. ती वाढते नंतर, जेवताना, झोपेत, पाय भिंतीला लावून पडलेलं असताना. म्हणून नवख्याला एका जड दिवसानंतर हलका दिवस द्यायचा, हा साधा नियम आहे.

पण शर्यती भरवणारे एवढे दयाळू नसतात. आमच्या निवडचाचणीत एका दिवशी चिखलदऱ्याचा घाट असायचा आणि दुसऱ्याच दिवशी सपाट रस्त्यावर एकेकट्यानं वेळ लावून मारायची शर्यत. दोन्ही दिवसांची वेळ मिळवून निवड व्हायची. त्यामुळे पोरांना केव्हातरी दोन जड दिवस जोडून द्यावेच लागत. त्यातही युक्ती आहे. पहिल्या दिवशी पाय ताजे असतात तेव्हा छोटे, तिखट तुकडे द्यायचे. दुसऱ्या दिवशी दळणासारखं लांबलचक, जोर लावून मारायचं काम. आणि त्यानंतर आरामही दोन दिवस जोडूनच द्यायचा. जडाला जड जोडायचं असेल तर आरामाला आराम जोडावा लागतो. हे मला पाठ होतं, आणि मी ते फळ्यावर लिहूनही ठेवलं होतं. आराम कुठून आणायचा हे मात्र फळ्यावर नव्हतं.

आराम नको म्हणणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. त्यांत पहिला नंबर अकोल्याच्या राजूभाऊंचा. अकोला माझं माहेर. तिथे गेले की तिथल्या हौशी सायकलवाल्यांची मंडळी सल्ला विचारायला यायची. राजूभाऊंचं कापडाचं दुकान. पन्नाशी आली, साखर निघाली, डॉक्टरांनी दम भरला, तेव्हा त्यांनी दुकानातल्या सगळ्या शालूंपेक्षा महाग सायकल घेतली आणि रोज पहाटे कुणी मागे लागल्यासारखी ती मारू लागले. रोज म्हणजे रोज, आणि रोजच जड. मी म्हटलं, "राजूभाऊ, आठवड्यातून दोन दिवस तरी थांबा."

"मॅडम, दुकान मी रोज उघडतो," ते म्हणाले. "एक दिवस शटर खाली केलं त गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाते."

"पायांचं गिऱ्हाईक कुठे जात नाही हो."

"असं तुमी म्हनता. उद्या पाय म्हनन, आपलं त बंदच असते."

अशा माणसाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मग एक दिवस नवरीकडची मंडळी दुकानात बसलेली असताना, शालू उलगडून दाखवता दाखवता राजूभाऊ गादीवरच आडवे झाले आणि घोरायला लागले. नवरीच्या मावशीला वाटलं झटका आला. तिने तांब्याभर पाणी त्यांच्या तोंडावर ओतलं, त्यातलं अर्धं शालूवर. शालू राजूभाऊंनाच ठेवून घ्यावा लागला. त्या दिवसापासून त्यांनी आराम सुरू केला तो इतक्या भक्तिभावानं, की आजही दर आरामाच्या दिवशी दिवाणावर आडवं पडल्याचा स्वतःचा फोटो मला पाठवतात. खाली लिहितात, 'आराम चालू आहे.' मी हात जोडल्याचं चित्र पाठवते.

राजूभाऊंच्या आरामाचं काम एका शालूत भागलं. कांचनचं तसं नव्हतं.

कांचन वलगावची. घरची थोडी जमीन, त्यात भाजीपाला. वांगी, भेंडी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. केंद्रात आली तीच मुळी चुकून. एक दिवस दारात उभी राहून म्हणाली, "मॅडम, इथं सायकल भेटते म्हने. कॉलेजले जायासाठी पायजे होती."

मी म्हटलं, "अगं बाई, या शर्यतीच्या सायकली आहेत. शर्यत खेळणाऱ्यांनाच मिळतात."

"मंग शर्यत बी खेळीन," ती म्हणाली.

तिला मी सायकलवर बसवलं आणि पहिल्या फेरीतच कळलं की पोरगी वेगळी आहे. पेडल खाली जाताना तिची टाच हलकेच खाली दबायची, ओझं वाहणाऱ्या माणसाची दबते तशी. ही सवय मोडायची की ठेवायची यावर मी बरेच दिवस विचार केला आणि ठेवली. काही महिन्यांत केंद्रातल्या जुन्या मुली तिच्या मागे राहू लागल्या.

तिच्या घरी परवानगी मागायला मी गेले होते. वडील गजाननभाऊ शांत माणूस, "खेळू द्या" म्हणाले आणि चहा सांगितला. आई सुनीताताई चहा देऊन झाल्यावर म्हणाल्या, "संक्रांतीपावतर पाहू, मॅडम. निवड झाली त झाली. नाही झाली त सायकल तुमची तुमाले परत. मले घरात दोन हात कमी पडून राहिले." निवड झाली असती तर मुलीला बाहेरगावच्या निवासी केंद्रात जागा मिळणार होती. राहणं, खाणं, शिक्षण तिथेच. नाही झाली तर सायकल संपली. एवढं साधं होतं ते, आणि कांचनलाही पक्कं ठाऊक होतं.

पोळा झाला आणि कांचन घसरायला लागली. पहिला जड दिवस कशीबशी काढायची. दुसऱ्या जड दिवशी पाय लाकडासारखे. खांदे हलायला लागायचे, आणि सायकलस्वाराचे खांदे हलायला लागले की समजावं, पायांत काही उरलेलं नाही. मी विचारलं, झोप होते का? "होते." जेवतेस नीट? "जेवतो नं मॅडम." आमच्या वऱ्हाडात बायकाही 'जेवतो'च म्हणतात, आणि 'माझ्या'ला 'माया'. पाळीचा काही त्रास? घरी काही? "बरं हाय मॅडम." सगळंच बरं. रक्त तपासलं, त्यातही सांगण्यासारखं काही निघालं नाही.

मग मी कोच लोक करतात तेच केलं. जड काम कमी केलं आणि आराम वाढवला. जोडून दोन दिवसांचा होता तो तीनचा केला. आणि पाहते तर पोरगी आणखी थकली. मी जितका आराम द्यावा तितकी ती ओढल्यासारखी होत चालली. डोळ्यांखाली काळं, हातावर ओरखडे. इतक्या वर्षांत असं कधी पाहिलं नव्हतं. आरामानं आजारी पडणारी मुलगी मला पुस्तकातही सापडेना.

ते कोडं सुटलं भाजीबाजारात. पाहुणे यायचे होते म्हणून मी सकाळी लवकर पिशवी घेऊन गेले होते. मेथी निवडत होते. समोरून एक काळी, जाडजूड सायकल आली. मागच्या भल्यामोठ्या कॅरिअरवर वांग्यांची दोन कॅरेटं दोरीनं आवळलेली, हँडलला दोन्हीकडे सांभाराच्या जुड्या लोंबत होत्या. चालवणाऱ्या मुलीनं आमच्याकडच्या सगळ्या मुली बांधतात तसा दुपट्टा तोंडाला बांधलेला, फक्त डोळे उघडे. पण मी चेहऱ्याकडे बघतच नव्हते. पेडल खाली जाताना टाच दबत होती.

"कांचन!"

तिनं ब्रेक दाबला. दुपट्टा खाली केला. "मॅडम, तुमी? भाजी कायले घेता, मी आनून देत होती नं!"

"ते राहू दे. आज काय सांगितलं होतं मी तुला?"

"हलकी सायकल," ती म्हणाली. "तासभर. म्हून हळूहळूच आली, मॅडम. घाम बी येऊ देला नाही." आणि पुरावा म्हणून तिनं कपाळ पुढे केलं.

मला हसावं की रडावं कळेना. पोरगी अगदी खरं बोलत होती. मी हलकी सायकल म्हटलं होतं, ओझं किती ते म्हटलं नव्हतं. आणि घरच्यांचं तरी काय चुकलं? पोरगी नाहीतरी अमरावतीला निघालीच आहे, तर दोन कॅरेटं टाकली मागे. तिथेच मेथीच्या ढिगाशेजारी उभं राहून मी तिच्याकडून सगळं काढून घेतलं. ज्या दिवशी मी पूर्ण आराम द्यायची त्या दिवशी तर ती दिवसभर वावरातच असायची. वांगी तोडायची, कॅरेटं भरायची, बांधापर्यंत डोक्यावर आणायची. सायकल नाही म्हणजे सुट्टी, आणि सुट्टी म्हणजे घरचं काम. जड सरावाच्या दिवशी आई तिला काम सांगत नसे, कारण 'आज पोरीची सायकल हाय'. मी तिसरा आराम वाढवून दिला तेव्हा तिच्या आईनं म्हणे माझे आभार मानले होते.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुमी विचारलं कुठी? तुमी म्हनत होत्या, घरी काही त्रास हाय का. त्रास नोयता नं, मॅडम. काम होतं."

संध्याकाळी मी वलगावला गेले. वाटेत काय बोलायचं ते जुळवून ठेवलं होतं, आणि मला ते फार पटण्यासारखं वाटत होतं. गजाननभाऊ बाजेवर चहा घेत बसले होते, सुनीताताई उंबऱ्याशी लसूण सोलत होत्या. कांचन चुलीकडे. मी बैलापासून सुरुवात केली. म्हटलं, पोळ्याच्या आदल्या दिवशी तुम्ही बैलाचा खांदा तुपा-हळदीनं शेकता. 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या' म्हणून त्याला निमंत्रण देता. पोळ्याला त्याच्या मानेवर जू ठेवत नाही. का? तर त्याचा खांदा मोडू नये म्हणून. मग या पोरीच्या पायांचंही तसंच आहे.

गजाननभाऊंनी मान डोलावली. "बराबर हाय," ते म्हणाले.

सुनीताताईंनी लसणाची पाकळी ताटलीत टाकली. "बैलाले सुट्टी असते, मॅडम," त्या म्हणाल्या. "त्या दिशी वावर बी बंद असते. माया घरी कोनता दिवस बंद असते सांगा? हे पोट्टी बसली त तिच्या वाटचे कॅरेट वावरातून चालत येतीन का? मीच आननार. तुमी तिले आराम लिहून देता, तो माया डोक्यावर येते."

गजाननभाऊ म्हणाले, "अवो, असं नको बोलू मॅडमले."

"कावून नको बोलू? खरं तेच बोलून राहिली. अन् दुसरं सांगतो. मागं एकडाव हे दुपारी झोपली होती. दिवसाउजेडी. शेजारची काकू आली, म्हने काय झालं पोरीले, बिमार हाय का? दुसऱ्या दिशी आणखी दोघी विचाराले आल्या. तरन्या पोरीले बिमार म्हनतीन लोक, ते चालन का? अन् मी आडवी पडली त माहे काय म्हनतीन?"

इतकी वर्षं मी मुलींना आराम वाटत होते, आणि तो कुणाच्या तरी अंगावर पडतो हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. राजूभाऊंचा आराम त्यांच्या नोकरांच्या जिवावर चालायचा. सराव केंद्रातल्या किती मुलींच्या मागे किती आया अशी कॅरेटं उचलत असतील, कुणास ठाऊक. मला खरोखरच वाईट वाटलं, आणि बैलाचं भाषण केल्याची लाजही वाटली. मी सरळ त्यांच्याजवळ बसले आणि लसूण सोलायला घेतला.

सोलता सोलता सहज म्हणून मी विचारलं, "उद्या पुन्हा तोडा आहे का?" तोडा म्हणजे वांगी तोडायचा दिवस.

"उद्या कायचा तोडा?" सुनीताताई म्हणाल्या. "आजच तं बाजार झाला. बाजार झाला का वांग्याले दोन दिस हात लावत नाही आमी. फळ भराले टाइम लागते. तिसऱ्या दिशी तोडा, चवथ्या दिशी बाजार. निंदन-गिंदन असते मधात, तन काढाचं, पन ते होते सावकाश."

माझा हात थांबला. दोन दिवस काम, दोन दिवस झाडाला सोडून द्यायचं. मी फळ्यावर लिहिलेलंच या बाई मला सांगत होत्या, फक्त त्यांचं वावरात होतं.

"ताई," मी म्हटलं, "ते दोन दिवस मला द्याल? वांग्याला हात लावत नाही तेव्हा कांचनलाही कुणी हात लावायचा नाही. आणि तोड्याच्या, बाजाराच्या दिवशी तिला वाटेल तेवढं काम सांगा. मी तिचे जड दिवस तेच धरते."

सुनीताताईंनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "दोन्ही जड एकाच दिशी? मरन नं पोट्टी."

"नाही मरणार. नंतर खरंच आराम मिळाला तर नाही मरणार."

"अन् निंदन?"

आतून कांचन म्हणाली, "निंदन माया वाटचं बाबा करतीन."

गजाननभाऊंनी चहाचा कप खाली ठेवला. मघाशी बैलाच्या वेळी त्यांनी मान डोलावली होती, आता ती मान त्यांना मागे घेता येईना. "करतो," ते म्हणाले.

अशा तऱ्हेनं मी नोकरीतलं सगळ्यात विचित्र वेळापत्रक बनवलं. तोड्याच्या दिवशी पहाटे रस्त्यावर छोटे तिखट तुकडे, मग दुपारी वांगी. दुसऱ्या दिवशी बाजाराची खेप हाच सराव. काळी सायकल, दोन कॅरेटं, जड पेडल, टाच दाबून, सीटवरून न उठता अमरावतीपर्यंत. बाजारात माल उतरवला की केंद्रात येऊन रेसर घ्यायची आणि परतवाडा रस्त्यावर दम काढायचा. मग दोन दिवस वांग्याला हात नाही आणि कांचनलाही नाही. वर मी सुनीताताईंना सांगून ठेवलं होतं, कुणी विचारलं तर सांगा मॅडमनी झोपायला लावलंय, बोलणी मी खाईन.

केंद्रातल्या साहेबांना आठवड्याचं वेळापत्रक लागायचं, सोमवार ते रविवार, चौकटीत. माझं चार दिवसांचं चक्र चौकटीत बसेना. कधी जड दिवस सोमवारी यायचा, कधी गुरुवारी, कधी सगळे सुट्टीवर असताना रविवारी. साहेब म्हणाले, "मॅडम, निदान रविवार तरी सगळ्यांचा सारखा ठेवा." मी म्हटलं, "साहेब, वांग्याला रविवार नसतो." त्यांना वाटलं मी निवृत्तीच्या आधीच थकले आहे.

सुरुवातीला कांचनचे हाल हाल झाले. बाजाराच्या दिवशी परत निघताना तिला बोलता यायचं नाही. पण नंतरचे दोन दिवस आता खरे होते. ती जेवून झोपायची, उठून जेवायची, सकाळी अंथरुणात बोटानं नाडी मोजून मला फोनवर सांगायची. शेजारच्या काकू येऊन गेल्या. सुनीताताईंनी त्यांना काय सांगितलं ते मला कळलं नाही. थंडी पडेपर्यंत पोरीचे खांदे हलायचे थांबले.

निवडचाचणी संक्रांतीच्या थोडी आधी होती. घाटाच्या दिवशी मुलींनी जीव ओतला. कांचन फार पुढे नव्हती. चढणाऱ्या काही मुली हडकुळ्या आणि तिच्यापेक्षा हलक्या होत्या. वर पोचल्यावर आपली वेळ ऐकून ती खाली बसली आणि म्हणाली, "मॅडम, सायकल परत करा लागन वाटते." मी तिच्या अंगावर शाल टाकली, गूळ-शेंगदाणे हातात दिले आणि गप्प बसले. कोचनं अशा वेळी बोलू नये, मला तेवढं येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्याच मुली जिना उतरताना कठडा धरत होत्या. आदल्या दिवशीच्या पहिल्या दोघी तर रडकुंडीला आल्या होत्या. कांचन सायकलवर बसली, हेल्मेटचा पट्टा आवळला आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "आज बाजाराचा दिवस हाय, मॅडम."

तिनं ती शर्यत मागे कॅरेटं असल्यासारखी मारली, खांदा न हलवता, सीटवरून न उठता. मी रस्त्याच्या कडेला उभी होते, आणि ती समोरून गेली तेव्हा मला फक्त तिची टाच दिसली. दोन दिवसांची वेळ मिळवल्यावर यादीत तिचं नाव शेवटचं होतं, पण यादीत होतं. मी वलगावला फोन केला. गजाननभाऊंनी ऐकलं आणि बायकोला हाक मारली. सुनीताताईंनी फोन घेतला. त्या नुकत्याच बाजारातून आल्या होत्या, कारण आदल्या दिवशीचा तोडा आणि त्या दिवशीची खेप, दोन्ही त्यांनी एकटीनं केलं होतं. "मंग आता जाईन नं ते तिकडे?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं." पलीकडे कॅरेट खाली ठेवल्याचा आवाज आला.

कांचन गेली. त्यानंतर मीही निवृत्त झाले. तिचा फोन येत असे. नव्या जागेत आरामाच्या दिवशी खरंच कुणी काही करत नाही याचं तिला फार नवल. पण मला वलगावकडे जायचा धीर होत नव्हता. सुनीताताईंचे दोन हात कमी पडत होते ते मी आणखी दूर नेऊन ठेवले होते, असं मनात यायचं. चाचणीच्या दिवशी एकटीनं केलेला तो तोडा मला सारखा आठवायचा.

शेवटी कांचननंच फोन करून सांगितलं, "मॅडम, उद्या आईकडे एक चक्कर मारजा. ते मले फोनवर खोटं सांगून राहिली का खरं, तेवढं पाहून या."

दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. दार उघडं. अंगणात बाज टाकलेली, सावलीत. बाजेवर सुनीताताई आडव्या होत्या आणि त्यांचे पाय एका उलट्या कॅरेटवर ठेवलेले. मला पाहून त्या दचकून उठायला लागल्या.

"पडून राहा, पडून राहा," मी म्हटलं. "बरं नाही का?"

"बरं हाय, माय." त्या ओशाळल्या. "कांचन रोज फोन करते. म्हनते, आई, तोडा झाल्यावर दोन दिस तू बी थोडी आडवी होजो. पाय वर ठेवजो. नाडी मोजून सांग म्हनते. मले कुठी मोजता येते? मी आपली सांगतो काही बी, त रागावते. म्हून म्हटलं, पाय तरी वर ठेवू. खोटं नको बोलाले पोरीशी." मग हळूच म्हणाल्या, "चांगलं वाटते बाप्पा पायाले. ह्यायनं आज निंदन बी केलं, न सांगता. पन मॅडम, कोनी आलं त तुमी सांगजा, बिमार हाय मनून. दिवसाउजेडी असं बरं नाही दिसत."

मी हो म्हटलं. बाजेशेजारी बसले आणि त्यांचा हात घेऊन नाडी मोजायला लागले. तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारच्या काकू डोकावल्या.

"काय झालं वो सुनीताले? बिमार हाय का?"

मी तोंड उघडणार, इतक्यात सुनीताताईंनी माझा हात दाबला.

"बिमार नाही, काकू," त्या पडल्या पडल्याच म्हणाल्या. "आज माया आरामाचा दिवस हाय."

काकू कुंपणापाशीच होत्या. सुनीताताईंची नाडी माझ्या बोटाखाली जोरात पळत होती, शर्यत सुरू व्हायच्या आधी माझ्या मुलींची पळायची तशी. पण कॅरेटवरचे पाय त्यांनी खाली घेतले नाहीत.